निताचा चेहरा

रामीबाईला एकच मुलगा, राजपाल. शेतात काम करताना कोणी नवी बाई विचारायची, "बाई, लेकरं किती?" रामीबाई "एकच" म्हणायची आणि पात पुढे न्यायची. वर्षानुवर्षं ती आमच्याकडे निंदणाला, कापूस वेचायला, तुरी सोंगायला येत होती, आणि मीही तेच धरून चालले होते. त्या एकाच्या आधी अजून एक होतं, हे मला मागच्या वर्षी कळलं.

त्यांचा तांडा किन्हीराजाच्या वरच्या अंगाला, माळावर. राजपाल आणि त्याची बायको दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते होळीच्या पुढेमागे परततात. तोवर घरात रामीबाई आणि तिचा नवरा रूपला, दोघंच. रूपला उंच, वाळलेला, डोक्याला कायम पांढरा पटका. तांड्यातल्या माणसांत बसला की बोलायचा, बायकोशी मात्र कामापुरतं. त्या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. पण दोघं बसून बोलताहेत, असंही कधी पाहिलं नाही. ती ताट वाढायची, तो जेवून उठायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, संसार असावा तर असा, आवाज नाही.

राजपालची मुलगी रेणू नागपूरला नर्सिंग शिकते. जानेवारीत तिच्या वसतिगृहातल्या मुली फुलांचं प्रदर्शन पाहायला गेल्या. एका जुन्या मोठ्या बागेत ते भरतं, आणि बागेला लागूनच शिल्पांचं संग्रहालय आहे. एकाच तिकिटावर दोन्ही पाहता येत होतं, बाहेर ऊन लागत होतं, म्हणून मुली आत शिरल्या. दुसऱ्या दालनात रेणू थबकली.

काळसर धातूची एक तरुण बाई मांडी घालून बसली होती. अंगात बंजारा बायांचा घेरदार घागरा म्हणजे फेटिया, वर कांचळी, दंडापर्यंत बांगड्या, केसांना लटकवलेल्या चांदीच्या घुगऱ्या, आणि ओढणीच्या आत एक लेकरू. असे पोशाख रेणूनं तांड्यात लहानपणापासून पाहिलेले. ती थांबली ती बाईच्या कपाळाकडे पाहून. डाव्या भुवईवर आडवी खोक होती. तशीच, त्याच जागी, रामीबाईच्या भुवईवर आहे. लहानपणी गोऱ्ह्यानं शिंग मारलेलं.

घरी बटणांचा फोन, म्हणून रेणूनं फोटो माझ्या फोनवर पाठवला. "काकू, दादीला दाखवा. सेम दादी आहे ना?"

रामीबाई तेव्हा आमच्याच शेतात शेवटचा कापूस वेचत होती. मी बांधावरून हाक मारली. "रामीबाई, इकडं ये. पाह्य तुह्यासारखी कोन हाये नागपूरले."

तिनं हात ओटीला पुसले, फोन घेतला आणि उन्हाला पाठ करून पाहू लागली. मला वाटलं हसेल, लाजेल. ती तिथंच, पऱ्हाटीत, खाली बसली. तिचं बोट त्या बाईच्या तोंडावर गेलंच नाही. ते गेलं ओढणीच्या घडीवर.

"हे मोठं होते का?"

मी फोटो मोठा केला.

"अजून."

अजून केला. घडीच्या आत नुसता काळोख होता.

"अठी निता हाये," रामीबाई म्हणाली.

त्या दुपारी कापूस तसाच राहिला. बांधावरच्या बाभळीखाली बसून तिनं मला जे सांगितलं, ते तिनं राजपाललाही कधी सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तांड्यातली माणसं मुकादमाबरोबर नागपूरला मातीकामाला गेली. ती बाग तेव्हा बाग नव्हती, नुसतं खडकाळ रान होतं. ते सपाट करायचं, मुरूम काढायचा, काळी माती आणून पसरायची. मजुरांची पालं भिंतीच्या कडेला. लिंबाच्या फांदीला झोळी बांधलेली, झोळीत निता. रांगायला लागली होती. रामीबाई घमेल्यामागं घमेलं टाकायची आणि मधूनच येऊन झोळीपाशी बसून तिला पाजायची.

शेजारी चित्रं-पुतळे शिकवणारं विद्यालय होतं. तिथले एक म्हातारे मास्तर, कोपरापर्यंत मातीनं भरलेले, एक दिवस भिंतीपाशी येऊन उभे राहिले. मायलेकींकडे पाहत राहिले. मग मुकादमाला विचारलं. रूपलानं साफ नाही म्हटलं. तेव्हा मास्तर स्वतः पालावर आले, जमिनीवर बसले, दिलेला काळा चहा प्यायले आणि म्हणाले, "तिनं फक्त बसायचंय. तुम्हीही येऊन बसा समोर." रूपला विरघळला.

"बसाची मजुरी!" हे सांगताना रामीबाई हसली, त्या दिवशी तेवढं एकदाच. "दिवस वर आल्यावर मी जलमात कधी बसेल नव्हती. मले तं झोपच ये."

निता एका जागी ठरायची नाही. सारखी अंगाला बिलगायची, पदराखाली शिरायची. मास्तर म्हणायचे, राहू दे, पिऊ दे तिला. एका सकाळी त्यांनी जिभेनं पाखरासारखा आवाज केला. निता पिता पिता थांबली, तोंड वळवून त्यांच्याकडे पाहू लागली, आणि खुदकन हसली. मास्तरांनी हातातली अवजारं टाकली आणि दोन्ही अंगठ्यांनी भराभर माती दाबायला लागले.

"त्या दिवशी त्यायनं तिचं तोंड केलं," रामीबाई म्हणाली. "मी पाह्यलं नाई. रोज वल्लं पोतं झाकून ठेवत. मले पाहाची लाज वाटे. पन केलं, मले मालूम हाये."

मग रामीबाईला मुदतीचा ताप आला. दवाखान्यात नेलं. किती दिवस ती शुद्धीत नव्हती, तिला माहीत नाही. इकडे निता बापापाशी, पालावर. अंगावरचं दूध तुटलं, त्यात गोवर निघाला. रामीबाईला शुद्ध आली, ऊर भरून दुखत होता, तिनं लेकरू आणायला सांगितलं. तांड्यातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. रूपला खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"गेली," तो म्हणाला.

तेवढंच. ती दवाखान्यातून सुटली तेव्हा काम संपलं होतं, पालं उठली होती. सगळ्यांना ट्रकमध्ये घालून परत आणलं. ट्रकमध्ये तिनं विचारलं, "कुठी ठेवलं तिले?" रूपलानं तोंड वाऱ्याकडे फिरवलं. राजपाल झाल्यावर तिनं पुन्हा एकदा विचारलं, तर तो भरल्या ताटावरून उठला आणि दोन दिवस घरी आला नाही. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

फोटो नव्हता. तेव्हा तांड्यात फोटो कोण काढणार. आणि वर्षं गेली तसा चेहरा जाऊ लागला.

"पयले डोये गेले बाई. मंग हासनं गेलं. मी रातंदिस आठवो, पन जेवढं आठवो तेवढं पुसे. आता फकस्त वजन याद हाये." तिनं दोन्ही हात मांडीवर उपडे-सुलटे करून दाखवले. "इतलं होतं. अठी डोकं, अठी पाय. तोंड नाई." मग ती फोनकडे पाहत म्हणाली, "पन मास्तरनं करेल हाये. तठी असन ते."

जायचं ठरलं. रूपला म्हणाला, "मी नाई येत."

"मले गाड्या समजत नाईत. तुमाले याच लागन."

"तिले फुलं पाहाचे तं इथं काय फुलं कमी हायेत?" हे तो मला म्हणाला, तिला नव्हे. पण गेला. मीच त्यांना सकाळी जऊळक्याच्या स्टेशनवर सोडलं. रामीबाईनं पेटीतून जुना फेटिया काढून पाहिला होता, तो आता बसेना, म्हणून साधं पातळ नेसली होती. गाडी आली तशी ती पोरीसारखी आधी चढली. रूपला मागं रेंगाळत होता. अकोल्याला गाडी बदलायची, पुढे रेणू नागपूरच्या स्टेशनावर येणार. मी बरोबर गेले नाही. पुढचं मला रेणूनं सांगितलं, आणि काही रामीबाईनं, तुकड्यातुकड्यानं.

प्रदर्शनाचा शेवटचा रविवार होता. बागेच्या फाटकावर मुंग्यांसारखी माणसं. झेंडूच्या फुलांचा एक मोठा मोर करून ठेवलेला, त्याच्यापुढे फोटोसाठी रांग. रूपला फाटकापाशी थांबला. त्यानं भिंत पाहिली, वर पाहिलं, मग खाली.

"मी अठीच बसतो. तुमी या पाहून."

"दादा, फुलं तरी पाहा ना," रेणू आजोबांना म्हणाली. "एवढ्या लांबून आलात."

"तुमी जा."

उसाच्या रसाच्या गाडीमागं सावली होती, तिथं तो उकिडवा बसला. रामीबाईनं त्याला आग्रह केला नाही.

संग्रहालयात थंड होतं. रामीबाईनं दारातच चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, आजी, घाला, चालतं. तिनं घातल्या नाहीत, हातात धरल्या. पहिल्या दालनात दगडी मुंडकी, घोडा, कोणी फेटेवाला. ती त्यांच्याकडे न पाहता चालत होती. दुसऱ्या दालनात तिला दाखवावं लागलं नाही.

ती समोर उभी राहिली. धातूची बाई चौथऱ्यावर बसलेली, त्यामुळे दोघींची तोंडं समोरासमोर आली. रेणू म्हणते, दादीनं स्वतःकडे क्षणभरच पाहिलं.

"एवढी ल्हान होती मी," ती म्हणाली. "तुह्याएवढीच."

मग ती वाकली आणि ओढणीच्या आत पाहू लागली. काही दिसेना. लेकराचं डोकं आईच्या छातीकडे वळलेलं, समोरून फक्त एक कान आणि एक पाऊल. ती डाव्या बाजूनं गेली. उजव्या बाजूनं गेली. पुतळ्याभोवती दोरी होती आणि मागे भिंत. तिनं दोरी ओलांडायला पाय उचलला तसा पहारेकरी धावला.

"आजी, आत नाही जायचं."

"मले तिचं तोंड पाहाचं हाये."

"इथूनच पाहा."

"अठून दिसत नाई ना, बापा."

रेणू आत जाऊन एका अधिकारी बाईंना घेऊन आली. मंजुषाताई म्हणून, तरुण होत्या. रेणूनं सांगितलं तसे त्यांचे डोळे विस्फारले. त्या पुतळ्याची भुवई पाहत, रामीबाईची भुवई पाहत, पुन्हा पुतळ्याची.

"खरंच? तुम्हीच आहात? अहो, आम्ही किती शोधलं! मास्तर गेले, त्यांच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नव्हतं. मजूर बाई होती, एवढंच सगळे सांगायचे." त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी सोडली. "या, आत या. जवळून पाहा. हात लावा, तुम्हाला कोण अडवणार."

रामीबाईनं चपला रेणूच्या हातात दिल्या. ती पुतळ्यापाशी गुडघ्यावर बसली आणि जिथं डोळे पोचत नव्हते तिथं, धातूच्या ओढणीखाली, हात घातला. कान लागला. कानामागचं मऊ वळण लागलं, तेही धातूत उतरलेलं. बंद मूठ लागली. तिचा हात गालावर आला, पुढे सरकला, आणि थांबला. तिनं हात काढला, पुन्हा घातला.

"उजेड पाड," ती रेणूला म्हणाली.

रेणूनं फोनचा उजेड आत टाकला आणि दोघींनी डोकी जोडून पाहिलं. गाल सुरू होऊन संपला होता. त्याच्यापुढे डोळा नव्हता, नाक नव्हतं, तोंड नव्हतं. आईची छाती आणि लेकराचा चेहरा एकच गोळा झाला होता. त्या गोळ्यावर अंगठ्याचे ठसे होते, रुंद, खालून वर ओढलेले.

मंजुषाताई मागे उभ्या राहून आनंदानं सांगत होत्या. "हीच या शिल्पाची खासियत आहे बघा. मास्तरांनी आधी बाळाचा चेहरा केला होता, हसरा, फार सुंदर, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. पण मग त्यांनी तो स्वतःच पुसला. आई आणि मूल वेगळे दिसूच नयेत म्हणून. लोक लांबून हे बघायला येतात."

रामीबाईनं मान वळवली. "पुसला?"

"हो, ओल्या मातीतच. अंगठ्यानं."

"काहून?"

"कलाकाराला तसं वाटलं, आजी."

"बरं," रामीबाई म्हणाली.

ती उठेना. रेणूनं दंडाला धरून उठवलं. मंजुषाताईंनी खुर्ची मागवली, चहा मागवला, दोन-तीन माणसं बोलावली. पुतळ्याशेजारी तिला उभं करून फोटो काढले. ती सांगतील तशी उभी राहिली. आता हसा, म्हटल्यावर तिनं हसण्यासारखं काही केलं. पाहणारे चार लोक थांबले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"आणि बाळ?" मंजुषाताईंनी विचारलं. "मुलगा होता की मुलगी? आता कुठे असतात?"

"पोट्टी होती. निता नाव होतं," रामीबाई म्हणाली. "गेली. तवाच, अठीच."

मंजुषाताईंचा फोन धरलेला हात खाली आला. बाकीच्यांना त्यांनी नजरेनं जायला सांगितलं आणि त्या रामीबाईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या. मग हळू म्हणाल्या, "आजी, खाली पाटीवर नुसतं 'आई आणि मूल' लिहिलंय. मी वरिष्ठांशी बोलून तिचं नाव लिहून घेऊ का?"

"नाव लिवून का होते बाई," रामीबाई म्हणाली. "तोंड नाई तठी."

बाहेर आल्या तर रसाच्या गाडीमागे रूपला नव्हता. गाडीवाला म्हणाला, तिकीट काढून आत गेले, मघाशीच. दोघी फुलांत शिरल्या. शेवंतीच्या कुंड्या पायऱ्यांवर मांडलेल्या, ताटाएवढे डेलिया, पिटुनियाच्या टोपल्या, काचेच्या बरण्यांत उगवलेली झुडपं, बक्षिसाच्या फिती. पोरं ओरडत होती. माईकवरून कोणाची तरी हरवलेली मुलगी ऑफिसात असल्याचं सांगत होते. रेणूला आता आजोबांची काळजी वाटायला लागली होती. ती हाका मारत पुढे गेली.

तो अगदी मागच्या कडेला, भिंतीजवळ, गुलाबांपुढे उभा होता. तिथं हिरवळ होती आणि हिरवळीवर हिरवं कापड टाकून गुलाबांच्या कुंड्या रांगेनं ठेवल्या होत्या. रूपलानं पटका काढून हातात धरला होता. त्याचं पांढरं, विरळ केसांचं डोकं उन्हात उघडं होतं. प्रदर्शनातला एक माणूस त्याला सांगत होता, "बाबा, पुढे सरका, रांग खोळंबलीय." त्याला ऐकू येत नव्हतं.

नवऱ्याचं उघडं डोकं रामीबाईनं फक्त मयतीला पाहिलं होतं. ती जवळ गेली.

"अठी?" तिनं विचारलं.

रूपलानं तिच्याकडे पाहिलं नाही. "लिंब होता अठी. तोडला. पन हीर तीच हाये, ते पाह्य, जाळी टाकेल. हिरीपासून मी... " तो हातानं अंतर दाखवू लागला, हात हवेत फिरत राहिला. "अठी असन. नाई तं मंग तिकडं, त्या लाल फुलाइपाशी. पन याच्यातच हाये रामी, याच्याबाहीर नाई."

रामीबाईनं त्या लाल फुलांकडे पाहिलं.

"मी एकटाच होतो. मानसं सारे कामावर. मुकादम म्हने, लवकर कर, सायेब येऊन राह्यले पाहाले. मी केलं. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर काळी माती टाकाची होती. मले म्हने तू टाक. मीच टाकली. गवताचे तुकडे आले, मीच लावले, पायानं दाबले. पायानं दाबले मी, रामी. मंग तुले दवाखान्यात पाहाले आलो. तुले कोन्या तोंडानं सांगू?"

रेणू मागे उभी होती. निता हे नाव तिनं मघाशीच पहिल्यांदा ऐकलं होतं, बाकी तिला काहीच माहीत नव्हतं. नातीसमोर बोलतोय याचंही त्याला भान नव्हतं. घरी ती दोघं त्यांच्या गोरबोलीत बोलतात आणि तेही तो त्याच बोलीत बोलत होता. मी आपल्या भाषेत सांगतेय एवढंच.

रामीबाईनं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी तिला त्याला मारावंसं वाटलं. खरोखर हात उचलून, सगळ्यांदेखत. इतकी वर्षं तिनं रात्री-अपरात्री नदीचा काठ, रस्त्याची कड, उकिरडा, काय काय मनात आणलं होतं. आणि तो उघड्या डोक्यानं उभा होता, हातातला पटका जमिनीला लागत होता. ती हिरवळीवर खाली बसली. तोही बसला. बाजूनं लोक वळसा घालून जाऊ लागले. एक जोडपं गुलाबांसमोर फोटो काढत होतं. त्यांनी जरा बाजूला व्हाल का म्हणून विचारलं, रेणूनं हात जोडले तसे ते गेले.

मग रामीबाई म्हणाली, "पुतळ्याले तोंड नाई."

रूपलाला कळलं नाही. रेणूनं सांगितलं, काय झालं ते. तो ऐकत राहिला.

"तुमाले आठवते का तिचं तोंड?" रामीबाईनं विचारलं.

"आठवते ना," तो लगेच म्हणाला.

"सांगा."

त्यानं डोळे मिटले. "गोल होतं. रंग तुह्यावर. हासली का इकडच्या गालाले खळी पडे, ह्या डाव्या. अन् दात... वरचा दात पयले आला होता तिले. तुह्या मायनं केवढा गोंधळ केला होता, मामाले वंगाळ म्हनून. मंग तुह्या भावानं चादरीत झेललं होतं तिले. आठवते? अन् ते हासे, रडाचं सोडून हासे."

रामीबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. वरचा दात आधी आला होता तो राजपालला. चादरीत झेललं होतं ते राजपालला. डाव्या गालाची खळी राजपालची, अजूनही पडते. निताला दात आलेच नव्हते. अंगावर पाजणाऱ्या बाईला ते कोणी सांगावं लागत नाही.

रेणूलाही कळलं. "काकू, दादा बाबांचंच सांगत होते," ती मला म्हणाली. "मी बोलणार होते. दादीनं माझा हात दाबला."

रूपलानं डोळे उघडले. ते वाहत होते. "हाये ना? असंच होतं ना?"

"हो," रामीबाई म्हणाली. "तशीच होती."

त्या रात्री दोघं रेणूच्या ओळखीच्या एका घरी राहिले आणि सकाळच्या गाडीनं परत आले. पुढच्याच आठवड्यात पेपरात फोटो आला. पुतळा आणि शेजारी रामीबाई, वर मोठा मथळा. तांड्यात पेपर हातोहात फिरला. गावातही. रामीबाईचा पुतळा नागपूरच्या म्युझियममध्ये आहे! सेवालाल महाराजांच्या जयंतीच्या कार्यक्रमात तिला शाल-नारळ दिलं. बाया तिला चिडवायच्या, तरुणपणी काय दिसत होतीस गं. तिनं शाल घडी करून पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे हरभरा सोंगायला आली.

ऊसतोडीवरून राजपालचा फोन आला, तो माझ्याच फोनवर. तिला द्यायच्या आधी मीच बोलले. तो खुशीत होता. मी फोन रामीबाईच्या कानाला लावला, आवाज बाहेरही येत होता. आईला तो याडी म्हणतो.

"याडी, तू पेपरात आली! मी अठी साऱ्याइले दाखोलं. म्हनलं, हे माही माय, अन् पदरातलं लेकरू म्हनजे मी!"

मला वाटलं, ती हो म्हणेल.

"तू नाई, बापा," ती म्हणाली. "तुही मोठी बहीन हाये ते."

तिकडून नुसता मागचा कोयत्यांचा खचखच आवाज.

"नाव का होतं?" राजपालनं विचारलं.

"निता."

"मले सांगतलं काहून नाई?"

"आता सांगतलं ना," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

होळीला राजपाल आला. तो नागपूरला जाऊन आला, एकटाच. काय पाहिलं, काय वाटलं, कोणाला बोलला नाही. पाटीचं काय झालं ते मला ठाऊक नाही. रेणू म्हणते, मंजुषाताईंची बदली झाली.

घरात मात्र एक फरक पडला. रूपला बोलायला लागला. दुपारी ओट्यावर बसतो, रामीबाईला हाक मारून बसवून घेतो आणि निताच्या गोष्टी सांगतो. कशी रांगायची, कशी माती खायची, बकरीचं शेपूट कसं धरलं होतं. सगळ्या राजपालच्या गोष्टी. कधी कधी तर शाळेत गेल्यावरच्याही. रामीबाई लसूण सोलत ऐकते आणि मध्ये मध्ये हूं म्हणते. इतकी वर्षं मुका असलेला माणूस बोलतोय म्हणून तांडा खूश आहे.

मी एकदा तिला विचारलं. आम्ही दोघीच होतो, त्यांच्या घरामागे, ती गोवऱ्या रचत होती. "रामीबाई, तू त्याले सांगत काहून नाई, का हे राजपालचं हाये म्हनून?"

"त्याच्याजोळ तेवढंच हाये बाई," ती म्हणाली. "तेबी काढून घेऊ?"

तिनं दोन गोवऱ्या अजून रचल्या.

"अन् आता तं मलेबी तशीच दिसाले लागली. वरचा दात, खळी. रातच्याले डोये लावले का राजपालचं तोंड येते. अन् जे खरं होतं ते..." तिचे हात आपोआप मांडीपाशी आले, उपडे-सुलटे झाले. "आता वजनबी पहिल्यासारखं लागत नाई."

पुढून रूपलानं हाक मारली, चहा ठेवला का म्हणून. तिनं हात पदराला पुसले आणि आत गेली.